मामाचं स्टँड आणि ‘पुरेशी मऊ’ कडी

मामा गेला, आणि दारात बसलेल्या माणसांनी चहा संपायच्या आत त्याच्या हरण्याचा विषय काढला.

"वस्तू चांगली बनवल्ती, पण साहेबापुढं सांगता न्हाई आलं त्याला," टेंभुर्णीहून आलेले एक पाहुणे म्हणाले.

मी आतच होते. ऐकून गप्प बसले. आता गप्प बसवत नाही.

माझा मामा जालन्यात बियाणं तपासणाऱ्या एका लॅबमध्ये अटेंडंट होता.

तिथं बी ओल्या कागदात गुंडाळून उगवायला ठेवतात. गुंडाळी उभीच राहायला पाहिजे. आडवी झाली की कोंब वाकडे, रिपोर्ट चुकीचा, आणि बोलणी अटेंडंटला.

मामानं त्यासाठी स्टँड बनवलं. प्रत्येक गुंडाळीला एक रबरी कडी. धरून ठेवणारी, पण ओला कागद न फाडणारी.

पहिली कडी सायकलच्या ट्यूबची. मग दोन वर्षं तो कड्यांवर वजनं ठेवून कोणती किती दबते ते वहीत लिहीत बसला.

मामी म्हणायची, "माझ्याकडं इतकं ध्यान दिलं असतं तर बरं झालं असतं."

मी तेव्हा पुण्यात पेटंटचे अर्ज करून देणाऱ्या ऑफिसात नवी नवी लागले होते. अंगात शहाणपण मावत नव्हतं. मामाचा अर्ज मीच लिहिला.

"माय, वहीतले आकडे टाक त्यात."

"मामा, आकडा टाकला तर कुणीही थोडं जाड-बारीक करून तेच विकेल. आपण नुसतं ‘पुरेशी मऊ’ कडी लिहू. म्हणजे सगळंच आपल्या हक्कात येतं."

"अन् पुरेशी म्हंजे किती, असं कुणी इचारलं मंग?"

"कोण विचारतंय, मामा."

विचारलं.

पेटंट मिळालं आणि वर्षाच्या आत एका कंपनीनं हरकत घेतली. त्यांना तसंच स्टँड बनवायचं होतं. ऑनलाइन सुनावणीत त्यांचे वकील म्हणाले, किती मऊ म्हणजे पुरेशी, हे अर्जात कुठंच नाही.

मामानं बराबर पान काढून वही कॅमेऱ्यासमोर धरली.

सुनावणी घेणारे साहेब समजुतीनं बोलले. मूळ अर्जात नव्हतं ते आता घालता येणार नाही, म्हणाले.

पेटंट रद्द झालं.

मला रडू आवरेना. मामा म्हणाला, "जाऊ दे. लोकायला मी सांगतो, मलाच बोलता न्हाई आलं. तुझी नोकरी ह्याच कामाची हाय. नाव खराब नको."

आणि तो शेवटपर्यंत सगळ्यांना तसंच सांगत राहिला. माझ्या सोयीचं होतं, म्हणून मी कधी मध्ये तोंड उघडलं नाही.

मामाला त्याची वस्तू बिलकुल नीट सांगता येत होती. आकडे त्यानं माझ्या हातात दिले होते. मी ते गाळले.

मामा, हे तुझ्यासमोर, तू असताना बोलायला पाहिजे होतं.

माफ कर. तुझ्या भाचीचा शेवटचा नमस्कार.