पाळ बांधून राहिलो

"आधी बसा, मंग पुसा," असं म्हणत गावातली ती मावशी पदराच्या टोकानं समोरची जमीन झाडायची. मग येणारा कितीही मोठा साहेब असो, त्याला मातीतच बसावं लागे.

तिकडे, भंडाऱ्याच्या बाजूला, पुसणं म्हणजे विचारणं. हे मला ठाऊक नव्हतं. दिघोरीजवळच्या त्या गावात पहिल्याच दिवशी बायकांनी अंगणात रांगोळीनं गावाचा नकाशा काढला. ती म्हणाली, "बोडीचं पुसा जी." मी हात फिरवून बोडीच, म्हणजे त्यांचं लहानसं तळं, पुसून टाकली. बायका हसून लोटपोट झाल्या.

"सायबानं तं बोडीच पिऊन टाकली व माय!" असं म्हणून तिनं चिमटीनं बोडी पुन्हा काढली.

मी साताऱ्याकडचा. गावानं स्वतः चालवलेल्या कामाचं मूल्यमापन गावाकडूनच करून घ्यायचं, ही आमच्या संस्थेची पद्धत. गाव बोलणार, आम्ही ऐकणार. माझी नोकरीच ऐकण्याची होती, एवढं ध्यानात असू द्या.

त्या बोडीची पाळ, तिचा मातीचा बांध, गाव श्रमदानानं उभारत होतं. समितीत ती पुढे असे. मी पाळीचं विचारलं.

"बांधून राहिलो जी," ती म्हणाली. "चला ना, दाखवतो."

ऊन रणरणत होतं. झाडाच्या सावलीतून पाळ या टोकापासून त्या टोकापर्यंत दिसत होती. "दिसतेय की इथून," मी म्हणालो, आणि काम पूर्ण असं लिहिलं. अहवाल पाठवण्याआधी गावात वाचून दाखवायचा, हा नियम आमचाच होता. तोही मी टाळला.

काही दिवसांनी लाखांदूरच्या स्टँडवर कंडक्टरला भंडाऱ्याची गाडी विचारली. "येऊन राहिली," तो म्हणाला. मी इकडेतिकडे गाडी शोधू लागलो. ती बऱ्याच वेळानं आली. आली नव्हती, येत होती. तिथंच मला तिचं 'बांधून राहिलो' आठवलं. संस्थेला एक फोन करायचा होता. केला नाही. आपली चूक कोण सांगत बसणार?

काम पूर्ण म्हटल्यावर पुढची मदत थांबली. पावसाळ्यात पाळ कच्च्या टोकाशी फुटली आणि खालच्या शेतांतली धानाची रोवणी गाळाखाली गेली. गावानं खापर तिच्यावर फोडलं. हिनंच साहेबाला पाळ झाली म्हणून सांगितलं, मोठेपणा हवा होता हिला. विहिरीवर बायका टोमणे मारू लागल्या, "काहून व मावशी, झाली का तुई पाळ?"

पुढच्या खेपेला मी गेलो तेव्हा सभा भरली होती. तिनं जमीन झाडली, मला बसवलं आणि जमलेल्यांकडे हात करून सर्वांसमोर विचारलं, "साहेब, मी काय म्हणलं होतं, तुमीच सांगा यायले."

सगळे माझ्याकडे पाहत होते. मी म्हणालो, "बघावं लागेल. आता नीटसं आठवत नाही."

तिनं नुसता पदर झटकला.

त्यानंतर ती कुठल्याच सभेला आली नाही, असं मागाहून कळलं. शेजारणी हळद-कुंकवालाही तिला वगळू लागल्या होत्या. गेल्या वर्षी ती वारली. मी कळल्यावर गेलो. आता संस्था नाही, नोकरी नाही, काठी आहे. ग्रामसभेत उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. ती खरं बोलली होती. बांधतोय म्हणाली होती, मी बांधलं असं ऐकलं. आणि विचारलं तेव्हा आठवत असूनही खोटं बोललो.

मग पहिल्या रांगेतली एक म्हातारी, नकाशाच्या दिवशी सगळ्यांत मोठ्यानं हसलेली, मान वर करून म्हणाली,

"आता सांगून राहिले, साहेब?"

मी तसाच काठीवर उभा. बसा, असं मला कोणी म्हटलं नाही.