सून मागायला आलेल्या सिस्टर

कौसल्या सिस्टर गावासाठी आशा सेविका नेमायला निघाल्या की आधी बाजारातून नारळ आणि खण घ्यायच्या. अहो, सरकारी काम! निवड ग्रामसभेत व्हायची, कागद तालुक्याला जायचा. पण त्याआधी आमच्या सिस्टर त्या घरच्या चुलीपुढं मांडी घालून बसणार, सासूची ओटी भरणार आणि म्हणणार, "तुमची सून मागायला आलेय. गावासाठी." पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला हसू आवरेना. मी उपकेंद्रात नवी नर्स, त्या आमच्या वरिष्ठ. बाहेर येताच त्यांनी मला झापलं, "दात कशाला काढतीस गं शोभे? नुसतं पोरीला इचारून नेमली, तर सासू चार दिसांत घरी बसवती. सासूनं दिली, तर सासूच तिला कामावर धाडती."

आमची वस्ती धारूरच्या घाटाखाली. दिवाळी झाली की अर्धी वस्ती ऊसतोडीला निघायची आणि शिकवून तयार केलेली आशाही नवऱ्याबरोबर जायची. मुकादम एक कोयता धरतो म्हणजे नवरा-बायकोची जोडीच धरतो. मागे राहायच्या म्हाताऱ्या, लेकरं आणि दिवस भरत आलेल्या बाया. त्यांना बघायला कुणीच नाही. आदल्या हिवाळ्यात एक बाळंतीण अशीच घरातच दगावली. सिस्टरांनी त्याचा धसकाच घेतला. "रिटायर व्हायच्या आत हितं एक पोरगी टिकवीन," म्हणायच्या. "न्हाईतर सगळी नोकरी पाण्यात गेली म्हना."

अशात मंदा सापडली. दहावी पास, जिभेला धार. सासूनं खुशीनं दिली. सिस्टरांचं शिकवणं म्हणजे नाटकच असायचं. डोक्यावर पदर ओढून, तोंड वाकडं करून त्या खाष्ट सासू व्हायच्या आणि शिकायला आलेल्या पोरींनी त्यांना सुनेला दवाखान्यात धाडायला राजी करायचं. बाकीच्या पोरी हसून लोळायच्या, मंदा मात्र कंबरेवर हात ठेवून भांडायची. सिस्टर खूश. "गोळ्यांची नावं कुनीबी पाठ करील," म्हणायच्या, "म्हातारीनं डोळे वटारले तरी उंबऱ्यातून मागं फिरायचं न्हाई, हे लई अवघड."

दसरा झाला आणि मंदाची सासू रडतच उपकेंद्रात आली. तिच्या मुलानं, दत्तानं, मुकादमाला जोडीचा शब्द देऊन टाकला होता. "म्या तुमाला शब्द दिला, पोरानं त्याला दिला. आता कुनाचा राखू, बाई?"

सिस्टरांनी कपाळावर हात मारला. "चुकलंच की! एका घरी मागणी घातली आन् खरं घर राहूनच गेलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा नारळ, पुन्हा खण, आणि आम्ही दोघी मुकादमाच्या दारात. तो ओसरीवर फोनवर बोलत होता. आम्हाला बघून म्हणाला, "सिस्टर, जोडी तुटायची न्हाई. उगं येळ घालवू नका." सिस्टर त्याच्याकडे न बघता थेट आत. त्याची आई भाकरी थापत होती. नाव सरूबाई, आणि आवाज असा की अंगणातली कोंबडी गप्प बसावी. तिनं विचारलं, "आमच्या धंद्यात तुमचं काय काम हाय?"

"धंद्यात न्हाई वो. तुमची सून पोटुशी हाय. ल्योक राहनार कारखान्यावर, तुमी दोघी हितं. कळा आल्या तर हाक कुनाला माराल?"

म्हातारीनं तव्यावरची भाकरी उलटली. मग तिथूनच ओरडली, "बाबू! दत्तासंगं त्याच्या चुलतभावाची जोडी लाव. मोकळाच हाय तो."

"आई, पन—"

"पन न्हाई आन् बिन न्हाई!"

सिस्टरांनी तिची ओटी भरली. बाहेर आल्यावर मला स्टँडवर भजी खाऊ घातली आणि माझ्या ताटलीतली मिरची पण त्यांनीच खाल्ली.

मंदा राहिली. हिवाळ्यात एका सकाळी तिचा फोन आला. सरूबाईच्या सुनेचे पाय सुजलेत, डोकं दुखतंय, डोळ्यांपुढं काजवे चमकतात. सरूबाई म्हणते, उद्या बघू. मंदानं तिच्याशी कडाकडा भांडून रुग्णवाहिका बोलावली होती. आम्ही धारूरच्या दवाखान्यात पोचेपर्यंत बाई आत होती. डॉक्टर म्हणाले, बरं झालं आत्ताच आणली, दुपारपर्यंत थांबला असता तर काही सांगता आलं नसतं.

उन्हं वर आली आणि आतून बाळाचं रडणं ऐकू आलं. मुलगी! मायलेकी दोघी सुखरूप. सिस्टर उठल्या, चपला काढून आत शिरल्या. आत मंदा सरूबाईच्या हातातली मधाची बाटली काढून घेत होती. "मावशी, आईचं दूध, दुसरं काय न्हाई." सरूबाईनं बाटलीचं झाकणही तिच्या हातात दिलं. सिस्टर पुढं होऊन काही सांगणार, तोच मंदा त्यांच्याकडे वळली.

"सिस्टर, हितं गर्दी करू नका. समदं झालंय. तुमी जावा घरी."

मला वाटलं, आता काही खरं नाही. सिस्टरांना आजवर कुणी असं बोललं नव्हतं. त्या गुमान बाहेर आल्या, चपला घातल्या, डोळे पुसले आणि एकदम खदाखदा हसत सुटल्या. परतीच्या एस.टी.त कंडक्टर तिकिटाला आला, तर त्याला आधी विचारलं, "तुमाला ठावं हाय का, आज काय झालं?" तो बिचारा गोंधळला. सिस्टर सगळ्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "माज्या पोरीनं आज मला दवाखान्यातून हाकललं!"