पिस्तुलाला लावलेलं कुंकू

माझ्या टूलबॉक्समध्ये कॅमेऱ्याच्या फिल्मची एक रिकामी काळी डबी आहे. तिच्यात कुंकू आहे, बायकोनं भरून दिलेलं. बायको गेल्या फेब्रुवारीत गेली. डबी अजून अर्धी भरलेली आहे. या डबीचं काय झालं ते मला लिहायचं आहे. माझं शिक्षण सातवी, तेव्हा चुकेल तिथं समजून घ्या.

मी सांगलीकडचा टर्नर. तीस वर्षं लेथ चालवला. मुलगा शिकून अमेरिकेत आला, नेपरव्हिलला त्यानं घर घेतलं आणि आम्हा दोघांना बोलावून घेतलं. ऐंशी साल नुकतंच उलटलं होतं. मुलगा आणि सून कामावर गेले की आम्ही दोघं खिडकीत बसायचो. रस्त्यावर माणूस म्हणून दिसायचा नाही. बायको म्हणायची, "अहो, गावात संप आहे का?"

तीन महिन्यांत मला ते सहन होईना. शेजारच्या गावात एक मशीन शॉप होतं, तीसेक माणसांचं. मालकानं माझं इंग्रजी विचारलं नाही. एक तुकडा कापायला दिला, मायक्रोमीटर लावून बघितला आणि सोमवारपासून ये म्हणाला.

माझ्या शेजारच्या मिलिंग मशीनवर एक अमेरिकन होता, चाळिशीचा. नाव लिहीत नाही. मला गाडी चालवता येत नाही हे कळल्यावर तो रोज वाट वाकडी करून मला न्यायला-सोडायला लागला. पैसे घेत नव्हता. बायको त्याच्यासाठी डब्यात एक जादा पोळी द्यायची. तो तिच्यात हॉट डॉग गुंडाळून खायचा. माझा चष्मा दोरीला बांधून गळ्यात असायचा म्हणून मला 'प्रोफेसर' म्हणायचा. सातवी पास माणसाला प्रोफेसर! मी घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "बरं झालं, निदान परदेशात तरी कुणी तुम्हाला शिकलेलं म्हटलं."

खंडेनवमीला आम्ही कामाच्या अवजारांची पूजा करतो. इथंही मी ती सोडली नाही. सकाळी लवकर जाऊन लेथ पुसायचा, हळदकुंकू लावायचं, बायकोनं परसात लावलेल्या झेंडूची दोन फुलं लेथच्या फिरत्या तोंडावर, चकवर, ठेवायची, हात जोडायचे. मी मंत्र म्हणत नाही, येत नाहीत. एवढंच म्हणतो, "बाबा, वर्षभर कुणाचं बोट घेऊ नकोस." पहिल्या वर्षी सगळे हसले. पुढच्या वर्षी फोरमननंच विचारलं, "फुलांचा दिवस कधी आहे?" पेढे खायला सगळे यायचे. ऑफिसात एक मुलगी होती, विशीची, पगाराची पाकिटं वाटायची. ती दोन पेढे उचलायची, एक आईसाठी.

तिसऱ्या वर्षी त्या मिलिंगवाल्यानं विचारलं, "फक्त मशीनच का?" मी माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं, की नाही, आमच्याकडं राजे तलवारी पुजायचे, शिपाई अजून बंदुका पुजतात. तो जेवणाच्या सुट्टीत मला गाडीपाशी घेऊन गेला. समोरच्या खणातून पिस्तूल काढलं आणि सीटवर ठेवलं. "मग यालाही लाव, प्रोफेसर."

मी लावलं.

माझ्या मनात काही आलं नाही, हे खरं सांगतो. माझा दोस्त, त्याची वस्तू, सणाचा दिवस. मुठीवर बारीक चौकड्या कोरलेल्या होत्या, त्यांत कुंकू बसलं. मी फूल ठेवलं, हात जोडले, आणि सवयीनं तेच म्हटलं, "वर्षभर कुणाचं बोट घेऊ नकोस." पिस्तुलाला बोटाचं काय सांगायचं, हेही मला सुचलं नाही.

घरी आल्यावर सांगितलं तर बायको पोळी लाटता लाटता थांबली. "तो शिपाई आहे का?"

"नाही."

"मग त्याला कशाला हवंय ते? अन् तुम्ही काय डोळे मिटून कुंकू लावत सुटता?"

"अगं, इकडं सगळ्यांकडं असतं."

"असू दे सगळ्यांकडं. कुंकू आपलं होतं."

त्याच सुमारास काम कमी झालं. लोक कमी करायला लागले. पहिल्या चिठ्ठ्या निघाल्या त्यांत त्याची होती. वर्षभरापूर्वी त्याची बायको सोडून गेली होती, ते मला ठाऊक होतं. त्या संध्याकाळी तो मला घरी सोडत होता. म्हणाला, "यांना मी सोडणार नाही. एक दिवस येईन आणि एकेकाला भेटून जाईन." बोलताना त्यानं समोरच्या खणावर दोनदा बोटानं टकटक केलं. माझं इंग्रजी कच्चं होतं, पण ते टकटक करणं कच्चं नव्हतं.

मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "उद्या फोरमनला सांगा."

"सांगतो."

सांगितलं नाही. रागात माणूस बोलतो, असं मी मनाला समजावलं. तीन वर्षं मला गाडीत घालून नेणाऱ्या माणसावर चुगली कशी करायची, हेही होतं. आणि आतली गोष्ट सांगायची तर, मला भीती होती की या भानगडीत पुढची चिठ्ठी माझी निघेल. दुसऱ्या दिवशी बायकोनं विचारलं, "सांगितलंत?" मी म्हटलं, "हो." लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली होती. एवढं मोठं खोटं मी तिच्याशी त्याआधी बोललो नव्हतो.

तीन आठवड्यांनी तो आला. सकाळी दहाची सुट्टी व्हायची होती. लेथच्या आवाजात मला वाटलं, कुणी पत्रा आपटतंय. मग माणसं पळताना दिसली. मी स्विच बंद केला, चक फिरत फिरत थांबायला लागला. तो माझ्या ओळीच्या तोंडाशी आला, माझ्याकडं बघितलं आणि पुढं गेला. का गेला ते मला माहीत नाही. पोळ्या आठवल्या असतील. किंवा दिसलोही नसेन.

फोरमन गेला. पाकिटं वाटणारी मुलगी गेली. पॅकिंगमधला एक म्हातारा हॉस्पिटलात नेल्यावर गेला. आणखी दोघं जखमी झाले. शेवटी त्यानं पार्किंगमध्ये, आम्ही रोज बसायचो त्या गाडीत, स्वतःला संपवलं.

दोन दिवसांनी पोलिसानं आम्हा सगळ्यांना कँटीनमध्ये बसवलं. विचारलं, "पिस्तुलाच्या मुठीत लाल पूड सापडली आहे. कुणाला काही माहीत?" एक जण म्हणाला, "शॉपमधला रंग असेल, आम्ही पत्र्यावर खुणा करायला वापरतो." पोलिसानं लिहून घेतलं. मग विचारलं, "तो कुणाशी काही बोलला होता?" सगळे गप्प. मीही गप्प. डबी तेव्हा माझ्या टूलबॉक्समध्ये होती, वीस पावलांवर.

त्यानंतर त्या गावात वाद पेटला. मेलेल्या मुलीची आई घरोघर सह्या घेत फिरली, की गावात पिस्तूल ठेवायला बंदी घाला. गावाच्या कौन्सिलनं सभा बोलावली. जो येईल त्याला तीन मिनिटं. त्या बाईनं आमच्या दारात येऊन मला विचारलं, "तुम्ही तिथं होतात. बोलाल का?" मी मानेनं हो म्हटलं. ती गेल्यावर मुलगा म्हणाला, "बाबा, हा त्यांचा वाद आहे. आपण बाहेरचे. उगाच अडकू नका." त्यालाही मी पुरतं सांगितलं नव्हतं.  बायकोनं माझा टाय इस्त्री केला. मुलाच्या लग्नात घेतला होता, तोच.

सभेत दोन्ही बाजूंची माणसं बोलली. एक म्हातारा शेतकरी उठला. म्हणाला, "माझ्या वडलांचं पिस्तूल चाळीस वर्षं माझ्याकडं आहे. कुणाला ओरखडा आला नाही. एकाचं डोकं फिरलं म्हणून मी माझं का देऊ?" तो खोटं बोलत नव्हता. मला त्याचा राग आला नाही. पण माझ्या डोक्यात आमचा पत्रा कापणारा पॉवर प्रेस आला. त्याला दोन बटणं होती, दोन हातांनी एकदम दाबल्याशिवाय तो खाली यायचा नाही, म्हणजे हात आत सापडायला नको. आम्ही सगळे जुने, कसलेले कामगार, तरी मालक म्हणाला नाही की तुम्ही शहाणे आहात, एक बटण काढून टाकतो. शंभरातल्या एका वाईट दिवसासाठी ते बटण असतं. लेथला हात लावण्याआधी मी सहा महिने नुसता झाडू मारला होता. माझ्या त्या दोस्तानं परवान्याचं कार्ड दाखवलं आणि दुकानातून पिस्तूल घेऊन आला. सगळं कायद्यानं झालं होतं.

हे सगळं मला बोलता आलं असतं. माझा नंबर आला. माईकपाशी गेलो. समोर पहिल्या रांगेत ती आई बसली होती, हात मांडीवर ठेवून. पॉवर प्रेसचं सांगायचं तर पुढं कुंकवाचं आणि त्या टकटकीचंही सांगावं लागणार होतं. मी म्हटलं, "मी तिथं होतो. मला वाईट वाटतं." आणि खाली बसलो.

परत येताना गाडीत मी पुढं मुलाच्या शेजारी होतो, बायको मागच्या सीटवर होती. म्हणाली, "एवढ्यासाठी टाय लावला होता?"

मग पुढं वाकून, मुलाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाली, "फोरमनला तुम्ही सांगितलं नव्हतं, मला माहीत होतं." तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्यानंतर तिनं त्या गोष्टीचा शब्द काढला नाही. भांडली असती तर बरं झालं असतं.

बंदीचा ठराव मतदानात पडला. शॉप बंद पडलं. ती आई बंदीसाठी दर वर्षी नव्यानं अर्ज करत राहिली.

गेल्या हिवाळ्यात बायकोला दवाखान्यात ठेवलं होतं. एका दुपारी तिनं माझा हात धरला, आणि मला वाटलं काही गोड बोलेल. म्हणाली, "त्या बाईला सांगून टाका. मी गेल्यावर तुम्हाला बोलायला लावणारं कुणी नाही." चार दिवसांनी ती गेली.

आता सकाळी सगळे बाहेर पडतात. मी खिडकीत बसतो. संप चालूच आहे. चहा दोन कप टाकला जातो, एक ओतून देतो. नात शाळेतून येते, "हाय आजोबा" म्हणते आणि वर जाते. तिचं चुकत नाही. माझ्याकडं तिच्याशी बोलायला शब्द नाहीत, आणि तिच्याकडं माझ्याशी.

या वर्षी खंडेनवमीला मी टूलबॉक्स उघडला. झेंडू नव्हता, या वर्षी लावलाच नाही कुणी. डबी काढली, खिशात घातली. मुलाला म्हटलं, मला त्या गावात सोड. त्यानं कारण विचारलं, तेव्हा गाडीत त्याला सगळं सांगितलं.  त्यानं गाडी परत वळवली नाही.

त्या बाईनं जाळीचं दार बंद ठेवूनच माझं ऐकलं. मी डबी उघडून दाखवली. पोलिसाला सापडलेली लाल पूड ती हीच, म्हटलं. मग ते टकटक करणंही सांगितलं. ती कुंकवाकडं बघत होती. तिनं एकच विचारलं, "हे त्यानं किती दिवस आधी सांगितलं होतं?"

"तीन आठवडे."

 मग म्हणाली, "मंगळवारी सभा आहे. तिथं सांगाल?"

"सांगतो," मी म्हटलं. हाच शब्द मी बायकोलाही दिला होता, हे माझ्या लक्षात आलं. त्या बाईनं आतलं दार लावून घेतलं. आत ये म्हणाली नाही. म्हणावं असं काही नव्हतंही.

मंगळवारी मुलगा मला घेऊन गेला. टाय मी स्वतः बांधला, वेडावाकडा. माईकपाशी गेलो आणि कागदाशिवाय बोललो. त्याच्याजवळ पिस्तूल आहे हे मला माहीत होतं. तो काय करणार हे त्यानं मला सांगितलं होतं. मी कुणाला बोललो नाही. तुम्ही कायदा करा, मशीनला करतो तसा, कारण माझ्यासारखी माणसं गप्प बसतात. पण कायदा नव्हता म्हणून मी सुटत नाही. त्या मुलीनं माझ्या हातचा पेढा खाल्ला होता.

अध्यक्ष घड्याळाकडं बघून म्हणाले, "तुमची अजून दोन मिनिटं आहेत."

मी म्हटलं, "संपलं माझं."

सगळं मिळून एक मिनिटाचं काम होतं. ते करायला मला इतकी वर्षं लागली. बंदीवर मतदान पुढच्या महिन्यात आहे, काय होईल सांगता येत नाही. त्या बाईनं वळून माझ्याकडं बघितलं नाही. मी जागेवर येऊन बसलो. परत येताना मुलगा गाडी चालवत होता, मी पुढं त्याच्या शेजारी होतो. दोनदा मी मागं वळून बघितलं. टायबद्दल कुणी काही म्हणालं नाही.