अन्वरीचा तीन फुलांचा केक

मंगरूळपीरमध्ये दहा वर्षं केक म्हटलं की अन्वरीभाभीचंच नाव निघायचं. केकवर बोटभर जागासुद्धा ती मोकळी सोडत नसे. गिऱ्हाइकं फुलं मोजून घेत, आणि कमी दिसली तर "भाभी, हात आखडला काय?" असं तोंडावर विचारत. म्हणून गुलाबी गुलाब, हिरवी पानं, पिवळी झालर आणि वरून चंदेरी मणी.

मग यूसराने दुकान टाकलं. क्रीमचा गुलाब वळायला ती अन्वरीच्याच ओट्यावर शिकली होती. पहिले दोन महिने तिच्या गुलाबाचा कोबी व्हायचा. आता त्याच पोरीच्या केकवर तीन फुलं असत, तीही एका बाजूला. रंग दोनच, धुऊन धुऊन विटलेल्या ओढणीसारखे. बाकी सगळा पांढरा. आणि लोक त्यासाठी आठ दिवस आधी सांगून ठेवत. अन्वरी रोज मोबाइलवर ते फोटो बोटांनी मोठे करून पाही. कुठे क्रीम फाटलंय का, कड वाकडी झालीय का. काही सापडत नसे. खाली मात्र तिच्या सख्ख्या मुलीने, फरहीनने, टाकलेला लाइकचा लाल बदाम दिसे.

अशात शाळेतल्या साधना मॅडमचा फोन आला. त्यांच्या उत्कर्षचा केक पहिल्या वाढदिवसापासून अन्वरीचाच. या वेळी त्यांनी यूसराच्या केकचा फोटो पाठवला होता.

"भाभी, असा जमन काय? नाही जमत तं सांगा, मी तिलेच सांगून देईन."

"जमते की," अन्वरी म्हणाली. हे एक घर गेलं की बाकीची जायला वेळ लागणार नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिने पट्टीने क्रीम गुळगुळीत केलं. फ्रिजमध्ये रंग गडद होतो, म्हणून अबोली रंग काडीच्या टोकावर घेऊनच मिसळला. एक मोठं फूल, दोन लहान. समोर काहीच नाही. दहा मिनिटांत ते मोकळेपण तिला खुपायला लागलं. एक पान घातलं. मग दोन मणी. मग पानाला सोबत म्हणून कळी. दुपारी नवरा, सादिक, जेवायला आला तोवर केक गच्च भरला होता.

"नवरी तं मस्त सजवली," तो म्हणाला. "वाढदिवस कोणाचा हाय म्हणे?"

"तुमी जेवा चुपचाप."

तो गेल्यावर तिने सगळं खरवडलं, पुन्हा क्रीम लावलं, तीन फुलं काढली. स्वतःच्या हातांचा भरवसा नव्हता, म्हणून मण्यांची डबी कपाटात ठेवून कुलूप घातलं आणि किल्ली शेजारी देऊन आली.

संध्याकाळी साधना मॅडमनी खोकं उघडून बराच वेळ पाहिलं. अन्वरी त्यांचा चेहरा पाहत राहिली.

"हा तं हुबेहूब यूसराचा वाटते, भाभी. आता दुसरीकडे कायले जाऊ मी?"

"तिले मीच शिकवलं," अन्वरी ताडकन म्हणाली.

"माहीत हाय. ती तं सगळ्यायले तेच सांगते. दुकानात तुमचा फोटो लावला तिनं. पाहिला नाही काय?"

अन्वरीने पाहिला नव्हता. ते दुकान दिसू नये म्हणून ती सहा महिने बसस्टँडला वळसा घालून जात होती. आता त्या पोरीला नावं ठेवायलाही काही उरलं नाही, याचाच तिला जास्त राग आला. तिने खोक्याची दोरी जरा जास्तच घट्ट आवळली.

"कोणता फोटो लावला?" तिने विचारलं. "बरा हाय का?"