नसलेल्या कॅफेटेरियात बसलेले माझे बाबा

आधीच सांगून टाकते, मी असल्या गोष्टींतली नाही. नाशिकला आमच्या कॉलनीच्या चौकात कुणीतरी उतारा टाकलेला असायचा, तेव्हा बाकीच्या मुली वळसा घालून जायच्या आणि मी त्यातला नारळ उचलून घरी आणायचे. आईच्या हातचा मार खाल्ला, पण नारळ चांगला निघाला होता. या ग्रुपवरचे अनुभव मी डबा खाताना करमणूक म्हणून वाचते आणि निम्म्यांवर हसते. तेव्हा तुम्हीही खुशाल हसा. फक्त माझ्या बाबांना वेडं म्हणू नका... हे लिहायला बसले ते तेवढ्याचसाठी.

आम्ही शारजात अल नहदाला राहतो. दुबईची हद्द इतकी जवळ की सकाळी खाली उतरलं की ट्रॅफिकलाच लागतो. लग्न होऊन आले तेव्हापासून बिल्डिंग तीच, फ्लॅटही तोच. तेव्हा खिडकीतून नुसती वाळू दिसायची. लोक त्या वाळूतच आडव्यातिडव्या गाड्या लावायचे आणि वारा सुटला की सगळ्या गाड्या एकाच रंगाच्या होऊन जायच्या. आता त्याच खिडकीतून समोरच्या टॉवरमधल्या बाईचं वॉशिंग मशीन दिसतं. भारतातून कुणी आलं की म्हणतं, "किती बदललं हो शहर!" मी म्हणते, बदललं कुठे, बदलून टाकलंय. आम्हाला न विचारता.

इथल्या जुन्या लोकांना एक खोड आहे, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. पूर्वी इथे पत्ता अशी काही चीजच नव्हती. रस्त्याला नाव असलं तरी ते कुणाला ठाऊक नसायचं. सगळा कारभार खुणेवर. अमक्या सुपरमार्केटच्या मागे, तमक्या मशिदीच्या समोर. पुढे ते सुपरमार्केट पाडून तिथे जिम आलं तरी आम्ही आपले सुपरमार्केटच म्हणतो. जीभ ऐकत नाही.

आमच्या घराची खूण होती कोपऱ्यावरचा कॅफेटेरिया. केरळचे हमजाभाई चालवायचे. गाडीतूनच हॉर्न द्यायचा, की हमजाभाई कागदी कपातला करक, म्हणजे वेलची घातलेला कडक दुधाचा चहा, काचेतून हातात द्यायचे. कोविडच्या आधीच तो कॅफेटेरिया पाडला, हमजाभाई गावी गेले, आणि जागा मोकळी पडून राहिली. यंदा तिथे टॉवरचं काम निघालं. आता चारी बाजूंनी उंच पत्रे आणि आत खड्डा.

गेल्या वर्षी आई गेली. बाबा नाशिकला एकटे. पाटबंधारे खात्यात आरेखक होते, सगळं आयुष्य धरणांचे नकाशे काढण्यात गेलं. पुण्याचा माझा भाऊ समीर त्यांच्यासाठी एक ‘सिनियर लिव्हिंग’ बघून बसलाय. बाग आहे, डॉक्टर आहेत, पण गेटबाहेर एकट्याने जायचं नाही. का, तर बाबा एकदा गॅस चालू ठेवून झोपले. मी म्हटलं, आधी माझ्याकडे येऊ देत. आयुष्यात पहिल्यांदाच ते इकडे आले. समीरने निघतानाच बजावलं होतं, "ताई, जरा जरी काही वेगळं दिसलं तरी परत पाठव. मग ते तिथेच राहतील. वाद नको."

जुलै महिना. बाबा बसने बर दुबईला गेले होते, मीना बाजारात पँट आखूड करून घ्यायला. एकटे, हौसेने. मी ऑफिसमध्ये मीटिंगच्या दारात उभी होते आणि त्यांचा फोन आला.

"अगं, रस्ता खणलाय म्हणून बसने पलीकडेच उतरवलं. आता कसं येऊ?"

मी सवयीने सांगितलं, "सरळ या बाबा, कॅफेटेरियाचा कोपरा आला की डावीकडे. मागे आपलीच बिल्डिंग."

आणि मीटिंगला जाऊन बसले. स्क्रीनवर कुणीतरी चार्ट दाखवत होतं आणि एकदम माझ्या लक्षात आलं... कुठला कॅफेटेरिया?

फोन लावला तर बंद. घरी इरा, माझी मुलगी, म्हणाली, "आजोबा? ही इज नॉट होम यट, आई." मी बॅग उचलली ती बॉसला न सांगताच. जुलैची दुपार इथे काय असते ते न पाहिलेल्याला सांगून कळणार नाही. गाडीचं स्टिअरिंग धरवत नाही. त्या वेळात उघड्यावर काम करायला कायद्याने बंदी असते, त्यामुळे साइटवरही चिटपाखरू नसतं. बाबांचं वय ऐंशीच्या घरात, बीपीची गोळी चालू, आणि शोधतायत काय तर नसलेली जागा. हद्दीवरच्या ट्रॅफिकमध्ये मी रडत, शिव्या देत बसले होते.

ते मला सापडले त्याच कोपऱ्यावर. पत्र्यांच्या बाहेर, फुटपाथच्या कडेला उभे. सावली टिचभरसुद्धा नाही. हातात पँटची पिशवी.

मी धावत जाऊन त्यांचा हात धरला आणि दचकून सोडला. हात गार होता. शर्ट कोरडा, गार. एसीतून आत्ताच उठून आलेल्या माणसाचा असतो ना, तसा.

"बाबा, कुठे होतात?"

"कुठे म्हणजे? तू सांगितलंस तिथे. मला वाटलं तू येशील न्यायला, म्हणून बसलो. चांगला माणूस आहे गं तो. पाणी दिलं, चहा दिला. पैसे घेतले नाहीत."

माझी नजर त्या पत्र्यांवर. गाडीत बसवलं तेव्हा त्यांच्या श्वासाला वेलचीचा वास येत होता. आणि सिग्नलला थांबलो असताना ते अगदी सहज म्हणाले,

"त्याने मला आइस्क्रीमच्या फ्रीजरला टेकून बसवलं. म्हणाला, 'आपकी बेटी भी इधर ही बैठती थी, बहुत रोती थी.' इतकं रडायचीस, तर आम्हाला का नाही कळवलंस?"

मागच्या गाड्या हॉर्न देत होत्या. सिग्नल कधी हिरवा झाला, मला कळलंच नाही.

हे आजवर कुणाला माहीत नव्हतं. मी नवीन आले तेव्हा मिलिंद, माझा नवरा, आठवडाभर अबुधाबीच्या साइटवर असायचा. ओळख नाही, नोकरी नाही, खिडकीत वाळू. रोज दुपारी मी हमजाभाईंकडे जायचे. ते फ्रीजरशेजारी खुर्ची ठेवायचे, चहा आणून द्यायचे, आणि मी रडून घ्यायचे. त्यांनी कधी काही विचारलं नाही. घरी फोन केला की मी सांगायचे, मस्त चाललंय. मिलिंदलाही तेच. माझ्या सुखाचं कौतुक आई सगळ्या कॉलनीला सांगायची, तिला काय सांगणार होते?

त्याच दुपारी बाबांना खालच्या क्लिनिकमध्ये नेलं. डॉक्टरबाईंनी बीपी बघितलं, ताप बघितला, जीभ बघितली. "ये धूप में थे ही नहीं," त्या ठामपणे म्हणाल्या. मी म्हटलं, होते. त्या म्हणाल्या, "इम्पॉसिबल." मग मी मशिदीत विचारून आले, फार्मसीत विचारलं, आसपासच्या दोन्ही ग्रोसऱ्यांमध्ये विचारलं. असे आजोबा कुणाच्याच दुकानात आले नव्हते.

मिलिंदने भाबडेपणाने समीरला सांगून टाकलं. झालं. समीरचा फोन आला तो थेट तिकिटाची तारीख घेऊनच. त्याच्या हट्टापायी मी बाबांना मेमरीच्या डॉक्टरकडेही नेलं. त्याने बाबांना कागदावर घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. बाबांनी विचारलं, "स्केल काय घेऊ?" मग इतकं रेखीव घड्याळ काढलं की डॉक्टरने तो कागद स्वतःकडेच ठेवून घेतला. रिपोर्ट नॉर्मल.

समीर तरी ऐकेना. "रिपोर्ट राहू दे ताई. पाडलेल्या दुकानात चहा प्यायलो म्हणतायत! हा भासच आहे. तू लहानपणापासून त्यांचीच बाजू घेतेस."

"भास नाही."

"मग काय भूत होतं? तू? तू म्हणतेस हे?"

"काय होतं ते मला माहीत नाही. भास नव्हता एवढं माहीत आहे."

"कशावरून?"

आता इथे मला गप्प बसता आलं असतं. बाबा सोफ्यावर पेपर वाचत होते, म्हणजे पेपर नुसता समोर धरला होता. इरा दारात उभी होती. मिलिंद पाणी पिता पिता थांबला होता. मी फोन स्पीकरवर टाकला आणि सगळं सांगितलं. फ्रीजर, खुर्ची, रोजचं रडणं. म्हटलं, "हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. आईला नाही, नवऱ्याला नाही. बाबांनी हे आणलं कुठून? तू सांग."

समीर म्हणाला, "तू तर दर वेळी म्हणायचीस, मस्त चाललंय."

"खोटं बोलायचे."

मिलिंदचा चेहरा मला बघवला नाही. तो येऊन माझ्या शेजारी बसला, एवढंच. समीरने तिकीट रद्द केलं की नाही ते त्या फोनवर सांगितलं नाही, पण पुन्हा तारीखही काढली नाही. "द्या बाबांना," म्हणाला, आणि दोघं क्रिकेटवर बोलत बसले.

तुम्ही आता कॉमेंटमध्ये लिहाल, उन्हाचा त्रास झाला असेल. मग अंग गार कसं? लिहाल, तूच कधीतरी बोलली असशील आणि विसरलीस. बाई इतकी वर्षं काय लपवतेय हे बाईला पक्कं माहीत असतं, ते मला शिकवू नका. हमजाभाई आहेत की गेले, ते मी शोधलेलं नाही. शोधणारही नाही. असतील तर सुखात असोत. नसतील तर... माझ्या म्हाताऱ्या बाबांना भर उन्हातून उचलून गारव्यात बसवणाऱ्याची मला भीती वाटत नाही. कुणी शांती करायला सांगितलं, पूजा सांगितली, एका शेजारणीने मीठ ओवाळायला सांगितलं. मी म्हटलं, खलास, विषय संपला. स्पष्टीकरण माझ्याकडे नाही आणि मला ते नसल्याची लाजही नाही.

बाबांचा व्हिसा वाढवून घेतला आहे. "अहो, त्यांना एकटं सोडू नका," असं बिल्डिंगमधले चारचौघं अजूनही सांगतात. मी बाबांना घराची किल्ली करून दिली आहे, त्यांची स्वतःची. आत्ताही ते बाहेर गेलेत, एकटेच, आणि कुठे जाताय असं मी विचारलेलं नाही.