'बेरे' लांब का आखूड

बायको जाऊन दीड वर्ष झालं. तिच्या कवितांचं पुस्तक काढायचं लेकीनं मनावर घेतलंय. पहिलंच पुस्तक, आणि लिहिणारीच नाही. मी केम गावचा, चौथी शिकलेला, जन्म चादरीच्या मागावर गेला. मला कवितेतलं काय कळतंय? पण विचारतात सगळे मलाच.

ती सीमेपलीकडच्या कानडी गावची. लग्न करून सोलापुरात आणली तेव्हा मराठीचा एक शब्द येत नव्हता. आमच्या आईनं पहिल्याच दिवशी बजावलं, "घरात कानडी बोलायचं न्हाय." नळावरच्या बाया तिला 'कानडी' म्हणायच्या. माहेरी गेली की तिथल्या बाया 'मराठी आली, मराठी आली' करायच्या. मला हसू यायचं तेव्हा.

शाळा तिनं बघितली नव्हती. लेक पहिलीत गेली तेव्हा लेकीच्या पाटीवर तिच्यासंगं अक्षरं गिरवली. ती मराठी अक्षरं. आतली भाषा कानडीच राहिली. म्हणून तिच्या कविता अशा, अक्षर मराठी आणि बोल कानडी. तीन वह्या भरल्यात.

वाचणारे कानडीच, म्हणून पुस्तक कानडी अक्षरात छापायचं ठरलं. अक्कलकोटकडचे एक म्हातारे गुरुजी लेकीच्या ओळखीचे. त्यांनी सगळं उतरवून काढलं आणि शेवटच्या कवितेला येऊन अडले. वही घेऊन घरी आले.

कविता नळावरची आहे. बाया विचारतात, तू कुठली? सासर म्हणतं कानडी, माहेर म्हणतं मराठी. शेवटी ती पाण्यालाच विचारते, मी कोण? पाणी म्हणतं, 'बेरे'. संपली कविता.

"आप्पा, ह्यो 'बे' लांब का आखूड?" गुरुजींनी विचारलं.

"बे म्हंजे बे. त्यात लांब-आखूड काय?"

"मराठीत न्हाय. कानडीत दोन अक्षरं हायत की. लांब म्हटलं तर 'वेगळी'. आखूड म्हटलं तर 'मिसळ', मिसळून जा. वैनींनी लिवलंय मराठीत, तितं दोन्ही एकच दिसतंय. त्या म्हणून दाखवायच्या तवा कसं म्हणायच्या?"

म्हणून दाखवायची ती, एकदा नव्हे, लई वेळा. सुट्टीच्या दिवशी जेवायला वाढून वही घेऊन समोर बसायची. "ऐका की वो." मागाच्या खडखडाटानं माझे कान निम्मे गेलेले, आणि उरलेल्या निम्म्यांनीही मी ऐकलं नाही. "आमटीत मीठ कमी हाय," म्हणायचो. ती वही मिटून मीठ आणायला जायची.

लेक म्हणाली, "गुरुजी, आखूड लिहा. मिसळ. तेच बरोबर आहे."

मी म्हटलं, "कशावरनं? धुण्यात रंगाचं कापड आलं की ती म्हणायची, 'ते बेरे ठेवा.' रोज म्हणायची. आन मिसळायला ती 'कालवा' म्हणायची, मराठीत."

"म्हणून काय कवितेतपण तेच? आई परकी नव्हती, आप्पा. चाळीस वर्षं राहिली इथं."

"तू तिच्या पोटातली. तुला ती परकी कशी वाटंल? मी आणलं तिला हितं."

लेक उठून आत गेली. गुरुजी चहा पिऊन, दोन दिवसांत सांगा म्हणून गेले.

दोन दिवस मी तिचं तोंड डोळ्यांपुढं आणायचा प्रयत्न केला. ओठ दिसतात. वहीवर ठेवलेलं बोट दिसतं. आवाजच येत नाही. तिच्या बहिणीला विचारावं, तर ती आधीच गेलेली. आणि तिच्यापुढं तरी हिनं कविता कशाला म्हटली असती? म्हटली ती माझ्यापुढं. ऐकणारा मी एकटा होतो.

काल गुरुजींचा फोन आला. छापखाना थांबलाय म्हणाले. मी मनाशी पक्कं केलं होतं. वेगळी म्हणजे वेगळी. तिला आम्ही वेगळीच ठेवली, निदान पुस्तकात तरी खोटं नको.

"बेरे," मी म्हटलं.

"आखूड म्हणताय?"

"न्हाय वो. लांब. बेरे."

"आप्पा, परत आखूडच म्हटलात. नीट सांगा, कुटलं?"

मी परत म्हटलं. परत म्हटलं. माझ्या तोंडातनं दोन्ही एकसारखंच निघतं. 'वेगळी' हा मराठी शब्द तेवढ्यात आठवला असता तरी भागलं असतं. पण मी आपला 'बेरे, बेरे' एवढंच म्हणत राहिलो.

लेकीनं माझ्या हातातनं फोन काढून घेतला.

"आखूड, गुरुजी," ती म्हणाली. "आप्पांचं पण तेच म्हणणं आहे."

मी मान हलवली. तिनं ती होकाराची धरली.