बंडाचे शौकीन

आमच्या गल्लीतले काका चितेगावच्या कारखान्यात मॅनेजर आहेत. आधी ते जर्मनीत होते. तिथं थेटरात पाहिलेल्या दोन महागड्या सिनेमांची तुलना ते टपरीवर रोज ऐकवतात.

"एकात गुलाम राजावर उलटतात. लई रडलो मी. दुसरा अंतराळातला. खर्च तेवढाच, पण बंडच नाय त्यात. पार फिका."

बंडाची ही गोडी त्यांना मऊ खुर्चीत लागली.

परवा त्यांच्या कारखान्यातले कंत्राटी कामगार पिण्याच्या पाण्यासाठी गेटवर बसले. काकांनी सगळ्यांना काढून टाकलं. त्यात माझा भाऊही होता.

टपरीवर मी विचारलं, "काका, गुलामांसाठी रडलात. मग यांच्यासाठी?"

काकांनी चहा फुंकला.

"थेटरात अंधार असतो बाबा. गेटवर मालकाचा कॅमेरा हाय."